घाटात दम सोडणारी पद्मिनी: कार्ब्युरेटर शेवटी उघडा

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी १९८८ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, पुण्यात. सिग्नलवरून निघताना ॲक्सलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग ती एकदम उचलते. सपाट रस्त्यावर ठीक चालते. खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला दोन-तीन मिनिटं चढली की झटके मारू लागते, शेवटी बंद पडते, आणि पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. दोन गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर खोलून किट बदललं, प्लग नवे घातले, तरी फरक नाही. आता 'नवा कार्ब्युरेटरच टाका' असा सल्ला मिळतोय, तो मानावा का, असं तुम्ही विचारता.

आत्ता मानू नका. तुमच्या गाडीत माझ्या मते दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी ते एकच समजले. सिग्नलवरचं अडखळणं क्षणाचं आहे, तिथे पेट्रोल असतं पण वेळेवर पोचत नाही. घाटातलं अडखळणं साचत जाणारं आहे, तिथे पेट्रोल पोचतं पण इंजिन खातं तेवढं पोचत नाही, किंवा गरम झाल्यावर ठिणगी कमजोर होते. पहिला दोष कार्ब्युरेटरमध्ये असू शकतो. दुसरा बहुतेक वेळा त्याच्या बाहेर असतो, टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर. म्हणून किट दोनदा बदलूनही घाटातला त्रास जसाच्या तसा राहिला.

जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो: अडखळते ती नेमकी कधी आणि कशी? अडखळण्याची जात ओळखली की निम्मं काम झालं. कोणीतरी चावी बंद-चालू करतंय असा तुटक, कडक झटका बसत असेल तर तो बहुधा इग्निशनचा: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, रोटर, सैल वायर. पेट्रोल संपताना गाडी जशी हळूहळू ताकद सोडते, थोडी सावरते, पुन्हा सोडते, तशी वागत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. पन्नास-साठच्या स्थिर वेगाला पाय न हलवताही गाडी पुढे-मागे हेलकावत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि काळा धूर, पेट्रोलचा वास, जड चाल असेल तर उलट, पेट्रोल जास्त होतंय. पुढच्या वेळी घाटात शेजारी कोणाला तरी बसवा आणि गाडी यांतलं नक्की काय करते ते त्यांना लिहून घ्यायला सांगा. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच हवं.

आता एक तपासणी, जी दोन्ही दोषांना लागू पडते. तिला एक पैसा लागत नाही.

गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्ब्युरेटरच्या घशात बघा. कोणाला तरी ॲक्सलरेटर हलकेच दाबायला सांगा, किंवा लिंक हाताने फिरवा. लिंक हलता क्षणी आत पेट्रोलची बारीक पण सलग धार उडायला हवी. ती ॲक्सलरेटर पंपाची धार. थ्रॉटल (हवेची झडप) एकदम उघडला की हवा झटकन आत जाते, पण मुख्य जेटमधलं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातलं) पेट्रोल त्या वेगाने धावत नाही. ती क्षणभराची तूट ही धार भरून काढते. धार उशिरा आली, तुटक आली, भिंतीवरून नुसती ओघळली किंवा आलीच नाही, तर तुमच्या सिग्नलवरच्या त्रासाचं कारण सापडलं.

किट नवं असूनही असं होतं, आणि त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. बाजारात मिळणाऱ्या किटमधला डायफ्राम (पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा) कधी इतका कडक असतो की पहिल्या दिवसापासून पुरता हलत नाही, कधी त्याचं रबर पेट्रोलमध्ये महिन्याभरात फुगतं. शिवाय डायफ्राम हा त्या व्यवस्थेचा एकच भाग आहे. आत छोट्या गोळ्यांचे व्हॉल्व्ह असतात, ते चिकटले तर पेट्रोल धारेत न जाता परत मागे जातं. धारेची नळी चिंचोळी असते, तिच्यात कण अडकतो. आणि पंप दाबणाऱ्या दांडीच्या सांध्यात झीज असेल तर पायाची पहिली हालचाल ती झीज भरून काढण्यातच जाते. किट बदलताना नेमकं हेच तीन भाग बघायचे राहून जातात.

धार चांगली आली तर पुढचा संशय बाहेरून शिरणाऱ्या हवेवर. जुन्या सोलेक्समध्ये, म्हणजे तुमच्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये, थ्रॉटलचा दांडा ज्या भोकांत फिरतो ती भोकं झिजतात. दांडा बोटाने वर-खाली हलवून बघा, स्पष्ट खेळ जाणवला तर तिथून हवा शिरते. कार्ब्युरेटरची खालची फ्लँजही (इंजिनाला जोडणारी चपटी कड) नट जास्त आवळून आवळून वाकलेली असते, ती सरळ पट्टी ठेवून तपासावी. इंजिन स्लो स्पीडला चालू ठेवून फ्लँजच्या जोडावर आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी वाचवून. इंजिनाचा सूर बदलला तर जोड सापडला. काही मंडळी यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते कृपा करून कोणालाही करू देऊ नका.

आता घाटाकडे वळू, कारण खरा त्रास तोच आहे आणि धोकाही तिथेच आहे.

पुढच्या वेळी घाटात गाडीने दम सोडायला सुरुवात केली की ती स्लो स्पीडला रेंगाळू देऊ नका. सुरक्षित जागा दिसताच बाजूला घ्या, लगेच चावी बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. इंजिन चालू राहिलं तर पंप रिकामा झालेला फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवायची छोटी वाटी) पुन्हा भरून टाकतो आणि पुरावा जातो. मग मघाचीच तपासणी करा: झाकण काढा, घशात बघा, लिंक फिरवा. सकाळी घरी दिसलेली धार आता दिसत नसेल तर फ्लोट चेंबर कोरडा आहे, म्हणजे कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येत नाही. तोच कार्ब्युरेटर बदलून काय साधणार? धार सकाळसारखीच दिसली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, मग मुख्य जेट किंवा इग्निशन बघायचं. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी यादी कटते. (ॲक्सलरेटर पंप आधी दुरुस्त केलात तरच ही खूण खात्रीची, म्हणून तो क्रम पाळा.)

चेंबर कोरडा निघाला तर त्याच जागी टाकीचं झाकण सैल करा. 'हुस्स' करून हवा आत ओढली गेली तर झाकणातली किंवा टाकीच्या व्हेंट नळीतली हवेची वाट बुजली आहे. पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा टाकीत यायला हवी, नाहीतर आत ओढ तयार होते आणि पंप हरतो. पंधरा मिनिटांत हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते. तुमच्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं. मूळ झाकण हरवलं की कोणतंही बसणारं झाकण लावलं जातं, आणि त्याला कधी व्हेंटच नसतो.

झाकण निर्दोष असेल तर टाकी ते पंप ही वाट. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अनुभवी माणूसही इथे फसतो. यांत्रिक पंप, गॅरेजमध्ये ज्याला एसी पंप म्हणतात, मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे टाकी आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीला चीर असेल तर बाहेर पेट्रोल गळत नाही, आत हवा शिरते. भोक पडलेल्या नळीने शहाळं प्यायला गेलं की जे होतं तेच. खाली डाग नाही, वास नाही, आणि गाडी मात्र घाटात मरते. सपाट रस्त्यावर इंजिनाला पेट्रोल कमी लागतं, हवेचे बुडबुडे मिसळूनही ते पुरतं. चढावर मागणी वाढते आणि तीच गळती नडते. टाकी अर्ध्याहून कमी असताना त्रास जास्त होतो का, हेही आठवून बघा. पातळी खाली गेली की ओढायची उंची वाढते, शिवाय चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकतं.

पंपाची तपासणी अशी. इंजिन थंड, कॉइलची वायर काढलेली, आजूबाजूला विडी-काडी नाही, अग्निशामक हाताशी. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी काढून तिचं टोक पारदर्शक बाटलीत सोडा आणि दुसऱ्या कोणाला तरी थोडा थोडा सेल मारायला सांगा. प्रत्येक ठोक्याला ठसठशीत पिचकारी यायला हवी. पिचकारी येते पण बुडबुडे संपतच नाहीत, तर पंप हवा घेतोय: रबरी नळ्या, क्लिपा आणि फिल्टरचे जोड बदला. पिचकारीच मरतुकडी असेल तर आधी फिल्टर आणि टाकीतली जाळी बघा, मग पंपाचा डायफ्राम. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

बाटलीत आलेलं पेट्रोल फेकू नका, झाकण लावून तासभर सावलीत ठेवा. तळाशी गंज दिसला तर टाकी आतून सडतेय. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथे इथेनॉलचा विषय येतो, आणि जुन्या गाडीवाल्याने तो नीट समजून घेतला पाहिजे.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये जवळपास सगळीकडे पोचलं. तुमच्या गाडीच्या नळ्या, डायफ्राम आणि जेट त्याच्या कित्येक वर्षं आधीचे. त्याचे परिणाम तीन प्रकारचे. पहिला, इथेनॉल टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षं चिकटलेला थर सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून सुरुवातीच्या काळात फिल्टर लवकर लवकर बदलावा लागतो. दुसरा, जुनं रबर ते पचवत नाही, काही फुगतं, काही कडक होऊन चिरतं. नवी नळी घेताना इथेनॉलला टिकणारी, आर-९ दर्जाची मागा. दिसायला तशीच असलेली साधी काळी नळी स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. तिसरा, इथेनॉल पाणी शोषतं आणि प्रमाण हाताबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, अगदी जाळीच्या तोंडाशी. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा मावते, भरलेल्या टाकीत तिला जागाच नसते.

गरम झाल्यावरच बंद पडण्याचं आणखी एक कारण वेपर लॉक, म्हणजे नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होणं. पंपाला वाफ ढकलता येत नाही. मुंबईतले टॅक्सीवाले पद्मिनीच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याच कारणाने, आणि तो उपाय निदानासाठी आजही उत्तम आहे. घाटात बंद पडल्यावर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. नेहमीच्या पंधरा मिनिटांऐवजी दोन मिनिटांत गाडी चालू झाली तर वाफच आहे. मग पंप आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णतारोधक ठोकळा जागेवर आहे का, नळी एक्झॉस्टला चिकटून जात नाही ना, हे बघा. तो ठोकळा फुटला म्हणून नुसतं कागदी गॅस्केट लावून पंप बसवलेल्या गाड्या येतात. त्यात उष्णता तर वाढतेच, शिवाय पंपाच्या दांडीची हालचाल बदलून त्याचा दाबही बिघडतो.

धार दिसली आणि चेंबर भरलेला निघाला तर इग्निशन. घाटात बंद पडलेल्या गाडीत, कुठेही पेट्रोल गळत नाही याची खात्री करून, एक जादा प्लग वायरला लावा, त्याचं अंग ब्लॉकवर टेकवा, इन्सुलेट केलेल्या पकडीने धरा आणि सेल मारायला सांगा. ठिणगी निळसर, जाड आणि कडकडणारी हवी. पिवळी, बारीक, मधूनच गायब होणारी असेल तर आधी कंडेन्सर बदला. थंड असताना तो धडधाकट असतो आणि गरम झाला की साथ सोडतो. हल्ली नव्या कंडेन्सरवरही डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही, म्हणून गाडीत चालून सिद्ध झालेला एक जादा ठेवा. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, पण नेमका आकडा तुमच्या डिस्ट्रिब्युटरच्या मेकप्रमाणे घ्या, आणि फट बदलली की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुन्हा तपासा, कारण फटीबरोबर टायमिंगही सरकतं. रोटर बोटाने फिरवून सोडा, तो स्प्रिंगच्या ताकदीने परत आला पाहिजे. नाही आला तर आतली वजनं जाम आहेत, वेग वाढला तरी टायमिंग पुढे जात नाही आणि गाडी चढावर मेल्यासारखी वाटते. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बाजूला हलत असेल तर बुश गेलं आहे, मग कितीही वेळा पॉइंट लावले तरी ते टिकणार नाहीत.

प्लगच्या रंगावरून निदान करणारे आता जरा सांभाळून. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. आजच्या पेट्रोलवर निरोगी प्लगही फिकट दिसतो, त्यामुळे 'पांढरा म्हणजे पातळ' हा जुना नियम पूर्वीसारखा चालत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी करा. स्थिर वेगात गाडी हेलकावत असताना चोक अगदी थोडा ओढा. सुधारली तर मिश्रण पातळ आहे, बिघडली तर जाड. आणि पीयूसी केंद्रावर गेलात की कागद घेऊन लगेच निघू नका. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन्ही आकडे बघा. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग (ठोका चुकणं) आहे, पातळ मिश्रणाचं किंवा ठिणगीचं. केंद्रवाल्याला विनंती करून अडीच हजार आरपीएमच्या आसपासही आकडा घ्या, कारण स्लो स्पीडचा आकडा फक्त स्लो जेटबद्दल सांगतो, मुख्य जेटबद्दल नाही.

हे सगळं निस्तरल्यावरही गाडी स्थिर वेगात हेलकावत राहिली, तरच जेटला हात लावा. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर तुमचं मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालं आहे. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून हे स्वतः सावरते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. समजा तुमच्या मुख्य जेटवर १२० आहे, तर १२५ चा जेट लावल्याने भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तूट जवळपास भरते. एवढी एकच पायरी. तारेने किंवा सुईने जेट मोठा करू नका, भोकाची कड बिघडली की तो जेट कायमचा गेला. आणि महाबळेश्वरला निघाला असाल तर हेही माहीत असू द्या की साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप थोडं जाड होतं. पुण्यात हेलकावणारी गाडी वर पोचल्यावर सुधारली तर मिश्रण पातळ असल्याचा तो आणखी एक पुरावा. जेटची चाचणी मात्र पुण्याच्या उंचीवरच करा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवेन: आधी ॲक्सलरेटर पंपाची धार, मग टाकी ते पंप सगळ्या रबरी नळ्या आणि फिल्टर नवे, टाकीचं झाकण तपासून, मग घाटातली धारेची तपासणी. लक्षणं बघता तुमची गाडी नळ्या आणि झाकण यांवरच सुधारेल असं मला वाटतं. नव्या कार्ब्युरेटरचे पैसे तोवर हातात ठेवा, आणि जुना सोलेक्स कोणी 'भंगारात देतो' म्हणालं तरी देऊ नका. मूळ ओतकामाचा, सरळ फ्लँजचा सोलेक्स आता मिळणं कठीण आहे, आणि दांड्याची झिजलेली भोकं बुश घालून नव्यासारखी करता येतात.

घाटात धार दिसली की नाही, टाकीचं झाकण उघडताना आवाज आला की नाही, आणि त्या वेळी टाकीत किती पेट्रोल होतं, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.